आबांचं मासेमारीचं लायसन्स

मासे धरायला परवाना काढावा लागतो, हे बाबांच्या गळी उतरवायला मला अख्खा एक शनिवार लागला.

बाबा, म्हणजे माझ्या मुलांचे आबा, ७१ वर्षांचे आहेत. पेणजवळच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातले. पोटासाठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, पण खरा जीव खाडीत. शाळा सुटली की धोतराचा काचा मारून गुडघाभर चिखलात. अशा माणसाला मी टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोच्या घरी डायनिंग टेबलाशी बसवून सांगत होते, की १२ डॉलर भरल्याशिवाय तुम्हाला गळ पाण्यात टाकता येणार नाही.

“मासा काय सरकारचा हाय?”

“इथे आहे.”

मग मी नकाशा उघडला. आम्हाला जायचं होतं त्या तलावाचं नाव टेक्सोमा, म्हणजे टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या नावांची संधी. त्यांच्या सीमेवरून रेड रिव्हर वाहते. तिच्यावर १९४४ मध्ये डेनिसनचं धरण पुरं झालं आणि मागे सुमारे ३६० चौरस किलोमीटरचं पाणी साठलं. राज्यांची सीमा तळाशी बुडाली. आता मासा कुठल्या राज्यात लागला हे कोण ठरवणार? म्हणून या एका तलावापुरतं वेगळं लायसन्स निघतं. ते दोन्हीकडे चालतं आणि ३१ डिसेंबरपर्यंत टिकतं. लहान मुलांना काहीच लागत नाही. म्हणजे आमच्या घरात ज्या दोघांनी जन्मात गळ धरला नव्हता ती फुकट, आणि ज्याने जन्मभर तेच केलं त्याला १२ डॉलर. बाबांना हा हिशोब आवडला नाही, पण छापलेला कागद हातात आल्यावर त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी करून पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवला.

हा सगळा घाट थोरल्यासाठी घातला होता. तो नऊ वर्षांचा आहे आणि टॅबलेटवर मासे पकडतो. एकदा आबांना त्याने आपला ‘लेजंडरी’ मासा दाखवला. आबांनी विचारलं, “वजन किती?” त्याने आकडा सांगितला. “आणि लागतो कसा?” यावर नातू गप्प. त्या रात्री बाबा मला म्हणाले, पोराला एकदा पाण्यावर ने. जुलैचे दिवस, बाहेर चाळीस अंश, शाळेला सुट्टी आणि नवऱ्याचा ऑन-कॉलचा आठवडा. मी तलावावरच्या एका गाइडची बोट सकाळपुरती ठरवली. इथे या गाइडला कॅप्टन म्हणतात, आणि गिऱ्हाइकं घेऊन जायला त्याला कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं. सर्वांत जवळचा समुद्र पाचशे-सहाशे किलोमीटरवर, आणि लायसन्स कोस्ट गार्डचं! बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं. परवान्याच्या जाचात आपण एकटे नाही.

पहाटे चारला निघालो. ७५ नंबरच्या हायवेने सरळ उत्तरेला, सव्वा तास. सोबत थर्मासमध्ये चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मुलांसाठी केळी. धक्क्यावर कॅप्टन उभा होता. साठीचा, उन्हाने भाजून तांबडा झालेला. त्याने हसून स्वागत केलं, आमच्या पिशवीकडे पाहिलं आणि हसू मावळलं. केळी गाडीत ठेवून या म्हणाला. बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही. मला वाटलं, थट्टा करतोय. पण नव्हता करत. मी बाबांना मराठीत सांगितलं तर ते मुळीच हसले नाहीत. नारळ वाहिल्याशिवाय होडी खाडीबाहेर न काढणारी माणसं त्यांनी पाहिलेली. केळी त्यांनी स्वतः उचलली आणि गाडीत ठेवून आले. “याला समजतं,” एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट आमिषाची. आम्ही धरायला निघालो होतो त्या स्ट्राइप्ड बास माशाला, म्हणजे इथल्या भाषेत ‘स्ट्रायपर’ला, जिवंत शॅड लागतो. शॅड हा तळहाताएवढा चांदीसारखा मासा. तो बाजारात मिळत नाही, धरावा लागतो. कॅप्टनने बोट एका खाचेत नेली, पुढच्या टोकावर उभा राहिला, जाळ्याची एक कड दातात धरली आणि कंबर फिरवून जाळं फेकलं. हवेत पूर्ण गोल उघडलं आणि अलगद पाण्यावर बसलं.

“पाग!” बाबा ओरडलेच. थोरल्याचं मनगट पकडून म्हणाले, “बघ, कड कशी एकदम बसली. माझ्या बापाला असा पाग टाकता यायचा. मला कधी जमला नाय.” इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदाच समजत होतं.

धरलेले शॅड गोल टाकीत गेले. धाकटीने, ती सहा वर्षांची आहे, विचारलं की टाकी गोल का. कॅप्टनने तिला मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं: शॅड सारखा पोहत असतो, चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकतो, नाक आपटतो आणि मरतो. गोल टाकीला कोपराच नाही. ती उरलेला अर्धा प्रवास त्या टाकीत डोकं घालून बसली होती. लाइफ जॅकेटमुळे तिला नीट वाकता येत नव्हतं म्हणून चिडचीड चालू होती. पण लहान बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घालायचंच, असा कायदा आहे. थोरला मात्र जीपीएसच्या पडद्याला चिकटलेला. “आता ओक्लाहोमा! आता टेक्सस! आता ओक्लाहोमा!” बाहेर सगळीकडे तेच पाणी.

सूर्य वर आला तेव्हा बोट थांबली. आबांनी दोघांना जवळ घेऊन आयुष्यभराचं ज्ञान दिलं. एक, आवाज करायचा नाही. पाण्याला कान असतात. दोन, दोरीला झटका बसला की हिसका द्यायचा, म्हणजे गळ तोंडात रुततो.

तेवढ्यात कॅप्टनने मुलांना सांगितलं, आता जोरात पाय आपटा.

मी त्याला पुन्हा विचारलं. हो, पाय आपटा, बोटीचा तळ दणाणला पाहिजे. स्ट्रायपर थव्याने शिकार करतो. खाली धडधड ऐकू आली की त्याला वाटतं भाऊबंद जेवायला बसले आहेत, आपणही जावं. अशी आपटायला काही जण बोटीवर यंत्रच बसवतात, पण हा म्हणाला, मुलं असली की यंत्र कशाला? मुलांना असा हुकूम आयुष्यात कोणी दिला नव्हता. दोघांनी लेझीम घातल्यासारखा धुडगूस घातला. बाबा तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले.

आणि मासे आले. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर तळापासून पिवळ्या कमानी वर चढताना दिसल्या. थोरल्याची काठी वाकली. आबा म्हणाले, “हिसका दे!” कॅप्टन म्हणाला, हिसका देऊ नकोस, नुसतं गुंडाळत राहा. पोराने दोन्ही केलं आणि मासा गेला.

दोष आबांचा नव्हता आणि कॅप्टनचाही नव्हता. हा गळ आपल्या गळासारखा नसतो. त्याचं टोक आत वळलेलं असतं, जवळजवळ पूर्ण गोल. मासा आमिष घेऊन वळला की तो आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. हिसका दिलात तर तोंडातून सुळकन बाहेर. मी हे बाबांना समजावलं. त्यांनी गळ हातात घेऊन उलटसुलट पाहिला, अंगठ्यावर ओढून पाहिला आणि थोरल्याला म्हणाले, “त्यांचं ऐक.” मास्तराने भर वर्गात आपली चूक दुरुस्त करावी तसं. पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

पहिला मासा धाकटीला मिळाला. काठी तिच्यापेक्षा लांब, ती कॅप्टनने मागून धरली होती. रीळ मात्र तिनेच फिरवली, दात-ओठ खाऊन. वर आला तो दीडेक फुटाचा, चंदेरी, आणि अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत आखलेल्या सात-आठ काळ्या रेघा. पहिलीतल्या एकरेघी वहीसारख्या.

बाबा वाकून म्हणाले, “यो तं आपला जिताराच!”

खारेपाटाबाहेरच्यांसाठी: जिताडा. आमच्याकडे ड चा र होतो. दोन माशांचं जवळचं नातं काही नाही, पण अंगकाठी, पाठीवरचे काटे आणि तोंडाचा भाता खरंच तसाच. आमच्याकडे खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून गावतळ्यात, घरामागच्या तळ्यात सोडतात. ती गोड्या पाण्यात वाढतात, तळ्यातले इतर मासे खाऊन माजतात आणि उन्हाळ्यात तळं आटलं की बाहेर येतात. बाबांनी मला कॅप्टनला विचारायला लावलं, हाही मूळचा खाऱ्या पाण्यातलाच ना?

तो कॅप्टन एकदम खुलला. म्हणाला, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. स्ट्रायपर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा, समुद्रात राहणारा, फक्त अंडी घालायला नदीत चढणारा. १९४१ च्या सुमारास साउथ कॅरोलिनात एका नदीवर धरण झालं आणि वर गेलेले काही मासे आतच अडकले. ते मरतील असं लोकांना वाटलं. ते मेले नाहीत, उलट तिथेच त्यांची पिल्लं दिसू लागली. मग इतर राज्यांनी आपापल्या तलावांत पिल्लं सोडली, टेक्सोमात १९६० च्या दशकात. पण बहुतेक तलावांत दरवर्षी नवी पिल्लं सोडावी लागतात. कारण स्ट्रायपरचं अंडं फुटेपर्यंत साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावं लागतं. तळाला बसलं की गाळात गुदमरतं. तेवढी लांब, न अडवलेली नदी तलावाच्या वर कुठे असते? टेक्सोमाच्या वर आहे. रेड रिव्हर आणि वॉशिटा. त्यामुळे इथला मासा इथेच जन्मतो.

“उलटा जितारा,” बाबा म्हणाले. जिताडा गोड्यात वाढतो पण अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं, म्हणून तळ्यातला जिताडा कितीही मोठा झाला तरी निपुत्रिकच. याला वाढायला काहीही चालतं, पण अंडी घालायला गोडी नदी हवी. मी दोघांच्या मधे बसून दुभाषीपण करत होते आणि अर्धा तास दोघांपैकी कोणालाच माझी गरज नव्हती, हातांनीच बोलत होते.

(समुद्रातून आला, परक्या पाण्यात अडकला, तिथेच रमला. परदेशातून लिहिणाऱ्या बाईच्या गळाला एवढं सोपं रूपक लागणं बरं नव्हे. मी ते परत सोडून देते.)

सोडून देण्याचाच प्रश्न पुढे आला. धाकटीने आपला मासा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि म्हणाली, “आता याला घरी जाऊ दे.” शाळेत त्यांना असंच शिकवलं आहे: पकडा, बघा, सोडा. मी कॅप्टनकडे पाहिलं. तो गुडघ्यावर बसला आणि तिला म्हणाला, सोडला तर हा बहुधा मरेल.

स्ट्रायपरला गार पाणी लागतं. जुलैत वरचं पाणी कोमट होतं आणि अगदी खोल पाण्यात प्राणवायू उरत नाही. मासे मधल्या एका थरात दाटीने जगतात. तिथून ओढून आणलेला, दमलेला मासा कोमट पाण्यात सोडला तर तो पोहत जाताना दिसतो, आपल्याला पुण्य लाभतं आणि तो थोड्या वेळाने कुठेतरी पोट वर करून तरंगतो. म्हणून हा कॅप्टन उन्हाळ्यात मोजून धरतो, धरलेले सगळे ठेवतो आणि लवकर थांबतो. कायद्याने माणशी दहा चालतात, त्यांतले वीस इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन. आम्ही चौघं, म्हणजे चाळीस. सतराव्या माशाला त्याने विचारलं, पुरेत ना? बाबा म्हणाले, पुरेत. मला वाटलं होतं तेच ‘अजून एक’ म्हणतील.

धाकटीने मासा स्वतः बर्फाच्या पेटीत ठेवला. रडली नाही. झाकण मात्र तिने लावलं नाही, थोरल्याला लावायला लावलं.

धक्क्यावर कॅप्टनने विजेच्या सुरीने सतरा मासे पंधरा-वीस मिनिटांत साफ केले. दोन्ही बाजूंचं मांस सोडवायचं, कातडी काढायची, मधली लाल पट्टी उग्र लागते म्हणून कापून टाकायची, बाकी सगळं बादलीत. बाकी सगळं म्हणजे डोकी. बाबांचा चेहरा मला बघवेना. गावी जिताड्याचं डोकं घरात कोणाला मिळणार यावर भांडणं झालेली आहेत, आणि इथे सतरा डोकी बादलीत. मी विचारलं, यातली काही मिळतील का? “कशाला?” “खायला.” कॅप्टन क्षणभर थांबला, मग त्याने सर्वांत मोठी सहा निवडली, कल्ले काढले, धुऊन वेगळ्या पिशवीत बर्फासकट दिली. निघताना बाबांनी त्याला डब्यातल्या उरलेल्या पुऱ्या दिल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघर बाबांच्या ताब्यात. तेलात ठेचलेला लसूण, पेणहून आणलेला मसाला, चिंचेचा कोळ आणि दोन पातेली, कारण आमच्या एकाही पातेल्यात सहा डोकी मावेनात. तुकड्यांना तांदळाचं पीठ लावून तव्यावर. थोरल्याने नऊ तुकडे खाल्ले आणि डोक्यातला गालाचा मऊ गोळा कसा काढायचा ते आबांकडून शिकला. धाकटी म्हणाली, मासा नको, नुसता रस्सा. तिला भातावर रस्सा वाढला. बाबा काही बोलले नाहीत. काटे काढलेला एक तुकडा तिच्या ताटाच्या कडेला ठेवला, तिने तो शिवला नाही, तर जेवणाच्या शेवटी स्वतः खाल्ला.

झोपताना तिने मला विचारलं, थंडीत पाणी गार असतं ना? मग थंडीत सोडलेला मासा जगतो? मी म्हटलं, उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ जास्त जगतात. “मग थंडीत जाऊ. आबांना घेऊन.”

लायसन्स ३१ डिसेंबरपर्यंतचं आहे. बाबांचं परतीचं तिकीट ९ नोव्हेंबरचं. मी बाहेर येऊन त्यांना हे सांगितलं तेव्हा ते ओट्याशी मसाल्याची बरणी पुसत होते. पाकिटातून कागद काढून त्यांनी तारीख पुन्हा वाचली.

“त्या कॅप्टनला विचार गो,” म्हणाले, “पाणी नक्की कधी गार होतं.”