शेवट ठाऊक असलेली पुस्तके

हलकीफुलकी प्रेमकथा सुचवली की समोरून बहुधा एकच प्रश्न येतो : शेवट गोडच होणार, तर वाचायचे कशाला? शेवट ठाऊक असतो हे खरेच. तो लेखक आणि वाचक यांच्यातला अलिखित करारच आहे. उत्सुकता असते ती दोघे एकत्र कशी येणार याची, आणि ती सारी संवादांवर तोललेली असते. एकमेकांवर चिडलेले दोघे लिफ्टमध्ये अडकतात, हा प्रसंग कितीदाही वाचलेला असो, तिच्या फणकाऱ्यावर त्याच्याबरोबर आपल्यालाही हसू आवरेनासे झाले की मी पुस्तकाला पैकीच्या पैकी गुण देते.

जुना साचा वापरण्यात कमीपणा नाही. हेलन फील्डिंग यांची १९९६ची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' ही जेन ऑस्टेन यांच्या १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर बेतलेली असून तिच्या नायकाचे आडनावही ऑस्टेन यांच्या नायकाप्रमाणे डार्सीच आहे. तरीही रोजनिशीत वजन आणि सिगारेटी मोजणारी नायिका मात्र पूर्णपणे आपल्या काळातली वाटते.

स्त्रीकेंद्री कादंबरीत प्रेम दुय्यमही असू शकते. तिथे नोकरी, मैत्री किंवा आईशी धुमसणारा अबोला केंद्रस्थानी येतो. हा फरक न सांगता पुस्तक हाती दिले की वाचक हिरमुसतो.

माझी स्वतःची चूक याहून ढोबळ होती. नुकताच साखरपुडा मोडलेल्या मैत्रिणीला मी लग्नघरातल्या गोंधळाची धमाल कादंबरी दिली होती. वीस पानांनंतर ती कादंबरी माझ्याकडे परत आली. तेव्हापासून "काय आवडते?" याआधी "सध्या काय नको?" हे मी विचारते.