घाटावरचे कावळे

गेल्या जूनमध्ये लेक शिकायला पुण्याला गेली आणि सकाळची डब्याची गडबड एकदम थांबली. मग मी कृष्णेच्या घाटावर फिरायला जाऊ लागले. आम्हा सांगलीकरांचं ते हक्काचं ठिकाण. पक्षी तिथं आधीही होतेच, नोंद करायला मात्र मी तेव्हापासून लागले. फोनवर ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप घेतलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा ते चालवते, पैसे पडत नाहीत.

पहिला महिनाभर माझ्या याद्या अशा: खंड्या १, वंचक २, टिटव्या २. बघायला छान वाटतील तेवढेच पक्षी लिहायचे. यादी पाठवताना ॲप दर वेळी विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? मी खुशाल ‘हो’ म्हणायचे.

एका सकाळी घाटावर कुणाचा तरी दहावा होता. पिंड मांडलेले, माणसं लांब सरकून उभी, आणि कावळा काही शिवेना. एक आजी हात जोडून सारखं म्हणत होत्या, “धाकटीचं लग्न आम्ही करतो हो, तुम्ही काळजी करू नका.” अर्धा तास गेला. सगळ्यांच्या नजरा झाडावरच्या कावळ्यांकडे. मी फोन उघडून बघितलं, तर माझ्या महिन्याभराच्या याद्यांत एकही कावळा नव्हता. माझ्या त्या ‘हो’चा अर्थ, सांगलीच्या घाटावर कावळाच नाही! मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी पहिल्यांदा कावळ्यांकडे नीट बघितलं. बहुतेकांची मान राखाडी, राखेचं बोट फिरवल्यासारखी. हे गावकावळे. एक मात्र नखशिखान्त काळा, चोच जाड, आवाज घोगरा. तो डोमकावळा. पन्नाशीला आले, पण हा फरक मला ठाऊक नव्हता.

माधवनगरला आजोळी फोटोंच्या मागं चिमण्यांची घरटी असायची. किती? मामालाही सांगता येत नाही, कारण लिहिलं कुणीच नाही. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, तो सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. आपला नीलपंख त्याआधीच्या बारा-एक वर्षांत ३० टक्क्यांनी घटला, हे त्यातूनच कळलं. तारेवर बसणारा, सगळ्यांच्या ओळखीचा पक्षी! तो दिसला तेव्हा लोकांनी लिहून ठेवला, म्हणून कमी झालेला समजला.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर दुर्बिणीसाठी थांबू नका. एकच जागा धरा, पंधरा मिनिटं द्या, आणि जागेवरच लिहा. घरी जाऊन चहा ठेवेपर्यंत आकडे विसरतात, मी पुष्कळदा विसरलेय. ओळख पटली नाही तर अंदाजानं नाव टाकू नका. कुणाचं घरटं सापडलं तर त्याचा पत्ता मात्र जगाला सांगत बसू नका, एवढी विनंती.

त्या सकाळी पिंडाला शेवटी शिवला तो डोमकावळाच. आजींनी पदरानं डोळे पुसले. मी लिहिलं: गावकावळे १४, डोमकावळा १.