फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना : एकच गाडी, दोन भाव

माझी लहान बहीण जर्मनीत फ्रँकफर्टला राहते. आईबाबांना तिच्याकडे न्यायचं आणि तिथून रेल्वेने ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना दाखवायचं ठरलं. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. रेंज असली तर असते, त्यामुळे तिकिटं तालुक्याला बसूनच काढली.

नागपूरहून विमानाचं तिकीट जाण्यायेण्याचं एकत्र घेतलं, कारण सुटं घेतलं तर महाग पडत होतं. त्यात अट ही, की जातानाचं विमान सोडलं तर परतीचंही तिकीट बाद.

रेल्वेपाशी मात्र बाबा अडले. "रेल्वेचं भाडं तं किलोमीटरवर रायते ना? मंग काऊन बदलते रोज?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे राजधानी, शताब्दी, दुरांतोला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं, म्हणजे जागा भरतील तसं वाढणारं भाडं आहे, पण तेही मूळ भाड्याच्या १.४ पटीवर थांबतं.

जर्मन रेल्वेचं महाग तिकीट फ्लेक्सप्राइस. त्यावर त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. स्वस्त तिकिटं म्हणजे श्पारप्राइस आणि सुपर श्पारप्राइस. त्यांच्या जागा मोजक्या, गाडी ठरलेली, आणि सुपर श्पारप्राइस रद्द केलं तर पैसे परत नाहीत. इथवर विमानासारखंच. पण जाणं आणि येणं सुटंच विकतात, त्याचा जास्तीचा भुर्दंड नाही, आणि बॅगा कुणी तोलत नाही. सीटचं आरक्षण वेगळं असतं. साडेसहा तासांचा प्रवास, म्हणून आईबाबांसाठी ते घेतलंच.

खरी गंमत बहिणीने दाखवली. तीच गाडी, तीच तारीख, ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर भाव वेगळा! गाडी दोन देशांतून जाते आणि दोन्ही रेल्वे तिची स्वस्त तिकिटं आपापल्या हिशेबाने विकतात. दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडून बसले; जाताना ऑस्ट्रियाचं स्वस्त, येताना जर्मनीचं. विमानात असं दोन दारी फिरून एवढा फरक मला कुठे सापडला नव्हता.

पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, नाहीतर पेमेंट अडतं.

आमची गाडी थेट होती. वाटेत गाडी बदलायची असेल तर थोडं महाग पडलं तरी सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर पुढे पोहोचवणं रेल्वेवर येतं. युरोपीय नियमाप्रमाणे मुक्कामी तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात.