नवी डिस्क टाकली, तरी पेडल का थरथरतं?

ब्रेकची नवीन डिस्क बसवून काही हजार किलोमीटर झाले की ब्रेक दाबताना पेडल थरथरायला लागतं आणि निदान ठरलेलं असतं : ‘डिस्क वाकडी झाली.’ बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. ती ज्या हबवर, म्हणजे चाक ज्याला जोडतात त्या फिरणाऱ्या भागावर बसवली, त्याच्या तोंडावर गंज राहिलेला असतो. मुंबईत चार महिने पाणी आणि बारा महिने खारी हवा, त्यामुळे हब स्वच्छ निघेल अशी आशाच नको.

हिशोब करून बघा. हबचं तोंड १४० मिमी व्यासाचं आणि त्याच्या कडेला ०.०३ मिमी जाडीचा गंजाचा कण दबला, तर ३२० मिमीच्या डिस्कच्या कडेला तो जवळपास ०.०७ मिमी डगमग देतो. बऱ्याच गाड्यांची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. डगमगणारी डिस्क दर फेरीला एकाच जागी ब्रेक पॅडला घासते, तिथली जाडी हळूहळू बदलते आणि तो फरक पेडलमधून पायाला कळतो. म्हणूनच पहिल्या दिवशी सगळं छान वाटतं.

खरेदीबद्दल थोडं. मोठ्या डिस्कने गाडी आपोआप कमी अंतरात थांबत नाही, कारण पकड शेवटी टायरचीच. फायदा उष्णता पचवण्यात, म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरताना. पण त्यासाठी कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वेगळा ब्रॅकेट लागतो, चाकाच्या आत जागा लागते आणि फक्त पुढचीच डिस्क वाढवली तर पुढचा-मागचा समतोल बिघडतो. रस्त्यावरच्या गाडीला मूळ मापाची खाचांची डिस्क, चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल पुरतं. भोकांच्या डिस्कला भोकांपाशी तडे जाऊ शकतात, ती घेऊ नये. डिस्कच्या दोन थरांमधल्या, हवा खेळवणाऱ्या पात्या वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी येते : डिस्कच्या वरच्या भागात पात्यांची बाहेरची टोकं गाडीच्या मागच्या दिशेला झुकलेली हवीत. खाचा कुठे वळल्यात, यावरून बाजू ठरवू नका.

काम सपाट फरशीवर करा, पार्किंगच्या उतारावर नाही. चाकांना अडण लावा, जॅकवर विसंबू नका, स्टँड घाला. कॅलिपर सोडला की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा. सांडलं तर रंग खातं. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये घाला, नाहीतर मोटर तुटू शकते.

डिस्कचा छोटा स्क्रू हमखास अडकतो. स्क्रूड्रायव्हरने डोकं घासून टाकण्यापेक्षा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. डिस्क निघत नसेल आणि तिला आटे असलेली दोन भोकं असतील, तर त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळा.

आता हब. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात ते बोल्ट) मुळाशी विशेष. तिथे तपकिरी कडं चिकटलेलं असतं, ते बोटाला लागतं पण डोळ्याला पटकन दिसत नाही. धातू उघडा दिसेपर्यंत घासा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. मग सगळे नट वॉशर घालून आवळा आणि कडेपासून १० मिमी आत डायल गेज (डगमग मोजायचं घड्याळ) लावून डिस्क फिरवा. मर्यादेपेक्षा जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे सरकवून परत मोजा. स्क्रूचं भोक आड येत असेल तर हबच पुन्हा घासा. डिस्क घासून घ्यायला लेथवर धावू नका.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. ब्रॅकेटचे बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यालाच, टॉर्क पान्याने, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. एअर गनने कमी-जास्त आवळलेले नटसुद्धा डिस्क तिरकी बसवतात. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा.

नवे पॅड डिस्कवर मुरवायला पहाटेचा रिकामा सरळ रस्ता हवा. ताशी ६० किमीवरून १० वर, मध्यम जोर, आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही. नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. सिग्नल लागला तर गरम डिस्कवर पाय दाबून उभं राहू नका, पॅडचा थर तिथेच उमटतो.