संशयाचा फायदा घड्याळाला

क्रिकेटमध्ये पंचाच्या मनात शंका आली की तिचा फायदा फलंदाजाला. ॲथलेटिक्समध्ये शंका आली की तिचा फायदा घड्याळाला आणि टेपला. धावणारा, उडी मारणारा, फेकणारा असे सगळे कायम थोडे तोट्यात. वेळ नेहमी वर ढकलायची, अंतर नेहमी खाली उतरवायचं, आणि पाठीवरचा वारा पुन्हा वर ढकलायचा, असा या खेळाचा हिशेब आहे. भाला ८०.१२९ मीटर गेला तर पाटीवर ८०.१२ लागतात. वरचे नऊ मिलिमीटर कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत.

शाळेत शिकवलेला 'पाच किंवा जास्त असेल तर वर, नाहीतर खाली' हा नियम इथे चालत नाही, आणि तो चालत नाही हे भल्याभल्या यंत्रांच्याही लक्षात राहत नाही. मे २००६ मध्ये दोह्यात जस्टिन गॅटलिन १०० मीटर ९.७६ सेकंदांत धावला आणि असाफा पॉवेलचा ९.७७ चा विश्वविक्रम मोडला, अशी बातमी जगभर गेली. पाच दिवसांनी ती दुरुस्त करावी लागली. मूळ नोंद ९.७६६ होती आणि नियमाने ती ९.७७ व्हायला हवी होती. म्हणजे विक्रम मोडला नव्हता, बरोबरी झाली होती. (पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात ती बरोबरीही गेली.) खरं तर ९.७६१ असते तरी ९.७७ च लागले असते.

साध्या स्टॉपवॉचला हा नियम आणखी कडक आहे. हातातल्या घड्याळावर १०.११ दिसले तर निकालात १०.२ लिहायचे. १०.१० असतील तरच १०.१. घड्याळ शंभराव्या हिश्श्यापर्यंत आकडे दाखवतं म्हणून ते सगळे निकालपत्रकावर उतरवण्याचा मोह तालुका पातळीवर अनेकांना होतो. '१२.४७' असा हॅण्ड टायमिंगचा निकाल दिसला की टाइमकीपर नवखा आहे हे ओळखावं. अंगठ्याला शंभरावा हिस्सा कळत नाही. पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळं लागतात: दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली, आणि एक बंद पडून दोनच उरली तर त्यातली जास्तीची. इथेही शंका धावणाऱ्याच्या विरोधात.

स्टॉपवॉच पिस्तुलाच्या आवाजावर नाही, धुरावर किंवा ठिणगीवर सुरू करायचं असतं. टाइमकीपर शेवटच्या रेषेपाशी, स्टार्टर १०० मीटर लांब, आणि आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. आवाजाची वाट पाहणाऱ्याने त्या मुलाला फुकट तीन मीटरच्या जवळपास भेट दिली. पिस्तुलाऐवजी लाकडी क्लॅपर असेल तर दोन फळ्या एकमेकींना भिडताना बघायच्या. त्यासाठी स्टार्टरने त्या डोक्यावर धराव्यात आणि मागे मुलांची गर्दी उभी नसावी. गर्दी असली की फळ्या दिसत नाहीत, कान आपोआप कामाला लागतात आणि गावात एकदम ११ सेकंदांचे चार पोरगे तयार होतात.

धूर नीट बघूनही घड्याळ उशिराच सुरू होतं, कारण डोळ्याने पाहून अंगठ्यापर्यंत निरोप जायला वेळ लागतो. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा आधीपासून तयार असतो आणि वेळेवर दाबला जातो. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर, म्हणून हाताची वेळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी येते. हा फरक धरून यादीत तुलना करताना १०० आणि २०० मीटरच्या हाती वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात आणि ४०० मीटरला ०.१४. चारशेची सुरुवात शेवटच्या रेषेजवळच होते, पिस्तूल जवळ असतं, म्हणून तिथे दंड कमी.

या ०.१४ चा सर्वात प्रसिद्ध भारतीय बळी म्हणजे मिल्खा सिंग यांची रोमची वेळ. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरला चौथ्या आलेल्या मिल्खांची अधिकृत वेळ ४५.६. तिसरा आलेला माल्कम स्पेन्स ४५.५. त्याच शर्यतीची विजेवर चालणाऱ्या घड्याळाने घेतलेली वेळही उपलब्ध आहे: स्पेन्स ४५.६०, मिल्खा ४५.७३. मिल्खांच्या दोन वेळांतला फरक बरोबर ०.१३. पुढे १९९८ मध्ये कोलकात्यात परमजीत सिंग ४५.७० धावला. ४५.६ लहान की ४५.७०? शाळकरी मुलगा सांगेल ४५.६. पण एकाच जातीची घड्याळं समोरासमोर ठेवली तर ४५.७३ विरुद्ध ४५.७०, आणि ३८ वर्षांचा विक्रम मोडला. त्यावर वाद झाला, तो व्हायचाच होता. माझं मत सांख्यिकांच्या, म्हणजे विक्रमांच्या याद्या ठेवणाऱ्यांच्या, बाजूचं: दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या वेळा एका खाली एक लिहायच्या नसतात. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींचे विश्वविक्रम १९७७ पासून फक्त स्वयंचलित वेळेवरच मान्य होतात, ते याचसाठी.

स्वयंचलित वेळ म्हणजे फोटो फिनिश. हा 'फोटो' बघायला शिकावं लागतं. कॅमेरा अख्खं मैदान बघत नाही. त्याला दिसते फक्त शेवटच्या रेषेवरची एक अरुंद फट. त्या फटीची तो सेकंदाला हजारो चित्रं काढतो आणि शेजारी शेजारी चिकटवतो. म्हणजे फोटोत डावीकडून उजवीकडे जे पसरलंय ते अंतर नसून वेळ आहे. म्हणूनच ज्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं त्याचा बूट चित्रात हातभर लांब दिसतो: पाऊल तिथे थांबलेलं असतं आणि फट त्याचीच चित्रं काढत बसते. वाचणारा पंच त्या चित्रावर एक उभी रेघ सरकवत नेतो आणि धडाला टेकली की थांबतो. डोकं, मान, हात, पाय मोजत नाहीत. आधी पोचलेल्या नाकाला काही किंमत नाही. सत्र सुरू होण्याआधी पिस्तूल कॅमेऱ्यासमोर धरून उडवतात आणि ठिणगीच्या क्षणी घड्याळ शून्य दाखवतंय का ते तपासतात. चूक एक हजारांश सेकंदाच्या आत हवी. ही चाचणी घाईत वगळली की दिवसभराचे सगळे आकडे संशयास्पद.

या फटीतूनच लॉस एंजेलिसला ८ ऑगस्ट १९८४ रोजी पी. टी. उषाचं पदक निसटलं. ४०० मीटर अडथळ्यांत क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. उषाच्या सरासरी वेगाने एक शतांश सेकंद म्हणजे सुमारे सात सेंटीमीटर. तो ५५.४२ भारतीय विक्रम म्हणून इतका टिकला की २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत विथ्या रामराजने त्याची बरोबरी केली, ती अगदी त्याच आकड्यावर. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकलं: किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. आठ मिनिटं, २८ अडथळे, सात पाण्याचे खड्डे, आणि फरक फूटभराचा. पॅरिसला २०२४ मध्ये १०० मीटरला पहिल्या दोघांचीही वेळ ९.७९ लागली. क्रमांकासाठी हजारांश उघडावे लागले: नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९. नोंदीत मात्र दोघांनाही वरचे ९.७९ च. हजारांश फक्त भांडण मिटवायला वापरतात, वेळ म्हणून देत नाहीत.

वाऱ्याचं प्रकरण जास्त नाजूक. पाठीवरचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असला की वेळ वैध, क्रमांक वैध, पण विक्रम नाही. वारामापक १०० मीटरला शेवटच्या रेषेच्या अलीकडे ५० मीटरवर, पहिल्या लेनच्या बाजूला, १.२२ मीटर उंचीवर ठेवतात आणि बार झाल्यापासून दहा सेकंदांची सरासरी घेतात. २.०३ आला तर २.१ लिहायचा, म्हणजे विक्रम गेला. मेक्सिकोला १९६८ मध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली तेव्हा वारा नेमका २.० होता आणि मैदान समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच. तिथली दुर्बिणीची मापनपट्टी एवढ्या लांब जाईना, म्हणून शेवटी पोलादी टेप आणावा लागला.

संशयाचा फायदा धावणाऱ्याला मिळाला अशी एक मोठी नोंद मात्र पुस्तकात आहे. १६ जुलै १९८८, इंडियानापोलिस, फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर, महिलांचे १०० मीटर, १०.४९, वारा ०.०. त्याच वेळी शेजारी चाललेल्या तिहेरी उडीच्या मापकावर वारा ४.३ होता, आणि १०० मीटरच्या तीन उपउपांत्य शर्यतींत वारा ०.०, ०.० आणि ५.०. मापक बिघडला होता, असं मानणारे बहुतेक आहेत. विक्रम अजून अधिकृत आहे. सांख्यिकांच्या वार्षिकात त्यापुढे 'बहुधा जोरदार वाऱ्याची मदत' असा शेरा मारलेला असतो. मला त्या शेऱ्याचं कौतुक वाटतं. आकडा खोडला नाही, पण वाचणाऱ्याला फसूही दिलं नाही.

आणि मुळात अंतरच चुकलं तर? आपल्याकडे फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर हे सर्रास होतं. ४०० मीटरच्या प्रमाण ट्रॅकचं सरळ अंग ८४.३९ मीटर आणि आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर असते, पण ४०० मीटर मोजतात ते कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेरून, कारण तिथे जमिनीपासून थोडा वर आलेला कठडा असतो आणि त्याला चिकटून कुणी धावत नाही. फक्कीच्या रेघेला कठडा नसतो, म्हणून २० सेंटीमीटर धरावे लागतात. पुस्तकातली ३६.५० तशीच घेऊन फक्की मारली की ट्रॅक ३९९.३७ मीटरचा होतो. त्रिज्या ३६.६० घ्यावी. अर्धवर्तुळ सुतळीने तर कधीच काढू नये, ती ताणली जाते. स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात जेवढी पुढे सरकवतात ते अंतर, तेही असंच फसवतं: कठडा असेल तर दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर आणि पुढे प्रत्येकी ७.६७, कठडा नसेल तर सगळ्यांना ७.६७.

फेऱ्या मोजण्यातली चूक त्याहून वाईट. लॉस एंजेलिसलाच, १९३२ च्या स्टीपलचेसमध्ये, पंचांनी एक फेरी जास्त धावायला लावली. ३,००० ऐवजी सुमारे ३,४६० मीटर. व्होल्मारी इसो-होलो जिंकला, वेळ १०:३३.४, तुलनेला निरुपयोगी. ३,००० ला दुसरा असलेला अमेरिकेचा जो मॅक्लस्की त्या जादा फेरीत तिसरा झाला.

मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१ मध्ये कायम झालं. त्याच्या आदल्या वर्षी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले, १९ वे आले, वेळ २:५०:४५.४. पण ती मॅरेथॉन ४२.७५० किलोमीटरची होती. त्यांच्या सरासरी गतीने वरचे ५५५ मीटर म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आसपास, म्हणजे आजच्या अंतराला साधारण २:४८:३०. वजाबाकी मोहात पाडणारी आहे, पण जुन्या याद्या करणारे ती करत नाहीत. ते वेळ तशीच ठेवतात आणि शेजारी अंतर लिहितात. मॅरेथॉनच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला माणूस सरासरी गतीने धावत नसतो.