एफ कॉर्ड, दादरा आणि व्हिडिओंची निवड

या खेपेची बातमी: गिटारवर एफ कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) वाजायला लागली. दरवेळी नाही, पण सहाही तारा स्वच्छ ऐकू येतात अशी वाजते. सी, जी, डी, ए मायनर हाताला बसल्यावर जो तो या कॉर्डपाशी येऊन थांबतो. माझाही मुक्काम तिथे बराच लांबला आणि त्या काळात सरावाइतकेच शिकवणीचे व्हिडिओ बघून झाले. कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे, याबद्दल आता माझं मत पक्कं झालंय.

व्हिडिओतल्या शिक्षकाला आपला हात दिसत नाही. समोर बसलेला शिक्षक मनगट धरून सरळ करतो, ती सोय इथे नाही. म्हणून मी एवढंच बघते, की शिकणाऱ्याचं कुठे बिघडणार हे त्याला आधीच ठाऊक आहे का आणि ते तो बोलून दाखवतो का. सुंदर वाजवणारे ढिगाने सापडतात. ‘आता तिसरी तार मुकी ऐकू येत असेल, तर मधलं बोट आडवं पडलंय’ असं सांगणारे मोजकेच.

एफचंच बघा. निम्म्या व्हिडिओंत सल्ला एकच: पहिलं बोट सहाही तारांवर आडवं ठेवा, जोरात दाबा, सराव करा. जोरात दाबून अंगठ्याचा सांधा दुखतो, बाकी काही होत नाही. माझं काम झालं ते दोन-तीन गोष्टी नीट फोडून सांगणाऱ्या व्हिडिओंमुळे. पहिली म्हणजे आडव्या बोटाला सहाही तारा सांभाळायच्याच नसतात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार (मोजणी सगळ्यात बारीक तारेपासून) बाकीच्या बोटांनी दाबलेली असते. पहिल्या बोटाकडे उरतात सहावी, दुसरी आणि पहिली. दुसरी गोष्ट, बोट सपाट न ठेवता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलवायचं, म्हणजे पेरांतल्या खळग्यांऐवजी हाडाची कड तारांवर येते. तिसरी युक्ती सगळ्यात कामाची निघाली: हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पाचव्या घरात) धरायचा. तिथे तो ए मेजर होतो. पहिला फ्रेट नटला (तारा दांड्यावर टेकतात त्या टोकाला) अगदी चिकटून असल्याने तिथे तार सगळ्यात ताठ लागते, पाचव्यावर ती नमते. आकार बसला की एकेक फ्रेट मागे यायचं.

(कोकणात, मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात एफ जास्तच छळते, हा भास नव्हे. दमट हवेत वरची फळी फुगते आणि ॲक्शन, म्हणजे तारांची दांड्यापासूनची उंची, वर चढते. मी १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा काढून १० गेजच्या लावल्या. आवाज थोडा पातळ झाला, बोटं मात्र वाचली.)

नव्याने सुरू करणाऱ्यांनी सुटे व्हिडिओ वेचण्यापेक्षा क्रमाने लावलेला एक कोर्स धरावा. मी जस्टिन सँडरको यांचा धरला. मूळचे ते ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे. २००३पासून त्यांची जस्टिनगिटार ही साइट चालू आहे आणि सुरुवातीचा कोर्स फुकट आहे. इंग्रजी सोपं आहे. त्यांचा ‘एका मिनिटात किती बदल’ हा सराव मला फार मानवला: टायमर लावायचा, दोनच कॉर्ड घ्यायच्या, अदलाबदल मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. ‘जमतंय बहुतेक’ या भ्रमाला जागाच राहत नाही. त्यांची विनोदाची जात मला पचत नाही, पण तो माझा प्रश्न.

‘अमुक गाणं चार सोप्या कॉर्डमध्ये’ छापाचे व्हिडिओ मी सोडलेले नाहीत, त्याशिवाय मजा काय? फक्त त्यांच्याकडून तंत्र शिकायला जात नाही. तिथे पहिली तपासणी कॅपोची, म्हणजे सूर चढवायला दांड्यावर लावायच्या चिमट्याची. शिक्षक जी म्हणतो, पण कॅपो दुसऱ्या फ्रेटवर असेल तर कानाला ए ऐकू येतो. मूळ गाण्याची पट्टी कोणती आणि आपण कोणत्या पट्टीत वाजवतोय, हे सुरुवातीलाच सांगणारा शिक्षक भरवशाचा. बऱ्याच हिंदी व्हिडिओंत सोयीसाठी पट्टी गुपचूप बदललेली असते. मग मूळ रेकॉर्डिंगसोबत वाजवायला बसलं की काहीच जुळत नाही.

दुसरी तपासणी कॅमेऱ्याची. दोन्ही हात दिसले पाहिजेत, आणि कॉर्ड बदलताना डाव्या हाताचा क्लोजअप हवा. सेल्फी कॅमेऱ्याने घेतलेलं चित्र कधीकधी उलटं असतं आणि उजवा माणूस डावखुरा दिसतो. तो व्हिडिओ मी तिथेच बंद करते. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ केला तरी सूर बदलत नाही, त्यामुळे भरभर वाजवणाऱ्यालाही ताळ्यावर आणता येतं. कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. कोणतं बोट आधी उचललं जातं, हे तेव्हा कळतं. आणि हेडफोन लावाच. सहाव्या तारेचा सूर साधारण ८२ हर्ट्झचा, फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो जेमतेम येतो. मग शिक्षकाचा बेस कुठे पडतोय ते कळणार कसं?

आता माझं सध्याचं वेड. स्ट्रमिंगचे (तारांवरून हात वर-खाली फिरवण्याचे) बहुतेक व्हिडिओ चार मात्रांचे. आपली कितीतरी भावगीतं दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांची. तिथे ते ठरलेलं खाली-खाली-वर-वर-खाली-वर घुसवलं की गाणं लंगडतं. शोधताना ‘सिक्स एट’ (सहा मात्रांचा पाश्चात्य ठेका) असं लिहिलं तर कामाचे धडे मिळतात, पण ठेका आपल्यालाच बसवून घ्यावा लागतो. मी ए मायनरवर असा बसवला: पहिल्या मात्रेला पाचवी तार, चौथीला सहावी, आणि मधल्या मात्रांना बारीक तीन तारा हलक्या हाताने. ‘धा धी ना, धा ती ना’ तोंडाने म्हणत वाजवलं की हात आपोआप वळतो. तबला ॲपवर दादरा लावून वाजवलं तर आणखी बरं. मेट्रोनोमच्या (लय मोजणाऱ्या यंत्राच्या) टकटकीत खाली-भरी, म्हणजे तालातली हलकी आणि वजनदार बाजू, कळत नाही.

सध्याची स्थिती: दादऱ्यात ए मायनर ते ई सुरळीत. ए मायनर ते एफ करताना चौथी मात्रा अजून गिळली जाते, म्हणून तेवढाच बदल मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत घोळवते आहे. वेग तूर्त वाढवणार नाही. पुढे बी मायनर घ्यायची आहे. तिच्यासाठी दोन व्हिडिओ बाजूला काढून ठेवलेत. त्यातल्या एकात शिक्षक पहिली दोन मिनिटं फक्त चुकीचा आवाज वाजवून दाखवतो, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासूनच.