पाळी नियमित झाली, पण साखरेचे काय?

भाचीला पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार, असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा घरातून पहिला आक्षेप आला तो "लग्नाआधी या गोळ्या कशाला?" हा. खरे तर गोळीतील इस्ट्रोजेनमुळे यकृतात एसएचबीजी हे प्रथिन वाढते, ते रक्तातील मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला (पुरुषी संप्रेरकाला) बांधून ठेवते आणि मग मुरमे व चेहऱ्यावरचे केस हळूहळू कमी होतात. शिवाय महिनोन्‌महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाण्याचा जो धोका असतो, तोही टळतो. त्यामुळे या औषधाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पाळी दर महिन्याला येऊ लागताच सगळ्यांनी निर्धास्त होण्याबद्दल. गोळ्यांचे पाकीट संपल्यावर होणारा रक्तस्राव संप्रेरके थांबल्यामुळे होतो. बीजांडकोशांचे काम सुरळीत झाल्याची ती खूण नव्हे, आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देत नसेल तर ते दुखणे गोळीने बरे होत नाही. उलट काहींचा रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) थोडे वाढतात, म्हणून दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे झगमग दिसणे किंवा कुटुंबात कोणाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणे, हे डॉक्टरांना आपणहून सांगायलाच हवे.

भाचीची उपाशीपोटीची साखर ९२ आली होती आणि तेवढ्यावरच फाइल बंद होणार होती. मी हट्ट धरल्यावर पाण्यात विरघळवलेले ७५ ग्रॅम ग्लुकोज तिने नाक मुरडत प्यायले, आणि दोन तासांनंतरचा आकडा निघाला १५६. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था. भारतीय मुलींमध्ये वजन फारसे नसतानाही हे आढळते, त्यामुळे "ती कुठे जाड आहे?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही, ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली कंबर अधिक बोलकी असते.

डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवून मेटफॉर्मिन हे साखरेवरचे औषध जोडले. महागड्या गोळीचा आग्रह आम्ही धरला नाही, कारण पीसीओएसबाबतच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी कोणत्याही एका गोळीला झुकते माप दिलेले नाही, आणि ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनसह सायप्रोटेरोन (पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारे औषध) असलेली गोळी तर गुठळीच्या जोखमीमुळे पहिल्या पसंतीची मानलेली नाही. ग्लुकोजची तपासणी मात्र ती तत्त्वे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायला सांगतात, पाळी कितीही नियमित असली तरी.